माघारी न धाडणारे घर : पंडिता रमाबाई

१८८७ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एका मराठी स्त्रीने लिहिलेले लहानसे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे त्याचे नाव. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीचे जन्मापासून वैधव्यापर्यंतचे जिणे त्यात वर्णिले आहे. त्यातील एक हकिगत लेखिकेने आपल्या जवळच्या नात्यातील एका मुलीची म्हणून सांगितली आहे. या मुलीचे लग्न लहानपणीच झाले. मुलाने सासऱ्याच्या घरी राहून विद्या शिकावी, असे ठरले होते. लग्न लागताच हा करार विसरला गेला. मुलगा आपल्या घरी अडाणी राहिला, मुलगी वडिलांच्या कृपेने शिकून शहाणी झाली. तेरा वर्षांनी तो बायकोवर हक्क सांगावयास आला, तेव्हा मुलीची जाण्याची इच्छा नव्हती आणि आईवडिलांनाही तिला पाठविणे जड वाटत होते. जातीतील सनातनी मंडळींनी वर्गणी गोळा करून त्याच्याकडून दावा लावविला. इंग्रजी न्यायालयाने निकाल नवऱ्याच्या बाजूने दिला. मुलीस जाणे भाग होते. परंतु थोड्याच दिवसांत पटकीने तिची सुटका केली. ही मुलगी म्हणजे लेखिकेची थोरली बहीण कृष्णाबाई असावी, असे अभ्यासक मानतात.

लेखिका अर्थातच पंडिता रमाबाई. त्यांच्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांची विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर आणि १८९३ चे पुण्यातील वादळ यांचीच चर्चा त्यात अधिक आढळते. घरात मार खाणाऱ्या, टाकलेल्या, छळाला कंटाळून बाहेर पडलेल्या बाईचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र त्यांच्या आयुष्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत होता. त्याचे उत्तर त्यांनी शास्त्री, सरकार आणि चर्च या तिघांकडेही मागितले. तिघांकडून जे मिळाले, त्याने त्यांचे समाधान झाले नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे वेदान्ताचे पंडित होते. त्यांच्या विवाहाची गोष्टही रमाबाईंनी पुस्तकात नावे न घेता दिली आहे. गोदावरीच्या काठी एका तीर्थक्षेत्री यात्रेस आलेल्या गृहस्थाने स्नानाच्या वेळी एका परक्या विद्वानाची विचारपूस केली. कुळ-गोत्र जुळले, आणि दुसऱ्या दिवशी आपली नऊ वर्षांची मुलगी त्यास देऊन तो आपल्या वाटेने निघून गेला. वर नऊशे मैलांवरचा, चाळिशी ओलांडलेला. सुदैवाने तो भला निघाला, एवढीच काय ती मुलीची जमेची बाजू. हीच रमाबाईंची आई लक्ष्मीबाई. अनंतशास्त्र्यांनी तिला संस्कृत शिकविले, त्यासाठी बहिष्काराची भीती पत्करली आणि पंडितांच्या सभेत उत्तरे दिली. लक्ष्मीबाईंनी ती विद्या रमाबाईंना दिली.

पुढची वर्षे भ्रमंतीत गेली. तीर्थे, पुराणकथन, कधी दक्षिणा तर कधी उपास. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही काळाच्या अंतराने गेली. रमा व भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी विशीतल्या या मुलीस पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. संसार सुखाचा झाला, पण फार काळ टिकला नाही. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती पटकीने वारले. मुलगी मनोरमा तेव्हा दहा महिन्यांची होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रमाबाईंना स्वतःच्या संसारात मारहाण किंवा अपमान सोसावा लागला नाही. वडील आणि पती, दोघेही त्यांच्या विद्येचा मान राखणारे होते. तरीही भारतभर हिंडताना त्यांनी घराघरांत जे पाहिले, ते त्या विसरल्या नाहीत. तरुण नवऱ्यांनी बायकांस निर्लज्जपणे मारताना आपण अनेकदा पाहिले असल्याचे त्यांनी पुस्तकात नमूद केले आहे. सासरच्या चिथावणीचा, उपासमारीचा आणि दिवसभराच्या पाणउताऱ्याचा तपशीलही त्या देतात. पंडिता म्हणून या घरांत त्यांना मान होता. ज्या ओसरीवर त्यांनी पुराण सांगितले, त्याच घराच्या माजघरातून त्यांनी हे पाहिले असणार.

१८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. त्याच वर्षी त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले. आजच्या वाचकाने ते उघडले तर तो थोडा बुचकळ्यात पडेल. पतीची आज्ञा पाळावी, घर नेटके ठेवावे, पतिव्रतेचा धर्म सांभाळावा, असाच त्याचा एकंदर रोख आहे. पाच वर्षांनंतर अमेरिकेत प्रसिद्ध झालेले पुस्तक जणू दुसऱ्याच बाईने लिहिलेले. या पाच वर्षांत काय घडले, हे पाहण्यासाठी इंग्लंडात जावे लागते.

१८८३ साली मनोरमेला घेऊन रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली आणि रमाबाई परक्या देशात एकाकी पडल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. या भगिनींच्या आश्रमांत समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना माणूस म्हणून वागविले जाते, हे पाहून आपण ख्रिस्ती धर्माकडे ओढले गेलो, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. आपल्याकडे अशा बाईस गावकुसाबाहेर घालवीत. येथे तिला शिकवून पायावर उभी करीत. हा फरक रमाबाईंच्या मनात खोल रुजला.

परंतु ज्या देशात त्या आल्या होत्या, तेथील घरे सारी निर्मळ होती असे नाही. फ्रान्सिस पॉवर कॉब या लेखिकेने १८७८ साली इंग्लंडातील बायकांना होणाऱ्या मारहाणीविषयी लेख लिहून खळबळ उडविली होती. त्याच वर्षी कायदा होऊन, गंभीर मारहाणीबद्दल दोषी ठरलेल्या नवऱ्यापासून बायकोस वेगळे राहण्याचा हुकूम देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना मिळाला. रमाबाई पोचल्या तेव्हा या कायद्याला उणीपुरी पाच वर्षे झाली होती. मार खाणाऱ्या त्या बायका आणि मारणारे त्यांचे नवरे, बहुतेक सारे ख्रिस्ती होते.

चर्चचा आणि रमाबाईंचा खटका उडाला तो वरकरणी निराळ्याच कारणाने. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्या शिकत होत्या. तेथे काही तरुणांना त्यांनी भारतीय भाषा शिकवावी, असा विचार निघाला. मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांनी त्यास हरकत घेतली. पुरुषांना शिकविल्याचे हिंदुस्थानात कळले तर रमाबाईंची किंमत कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना हे अजब वाटले. हजारो पुरुषांसमोर त्यांनी व्याख्याने दिली होती. हिंदुस्थानातील स्त्रीने काय करावे, हे इंग्रज बिशपांनी ठरवावे आणि तिने निमूट मान्य करावे, हे त्यांना पटले नाही. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांनी नम्रतेचा उपदेश केला. रमाबाईंनी कळविले की देवाने सदसद्विवेकबुद्धी दिली आहे, ती दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावरही त्यांनी शंका घेतल्या. गळ्यातील क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे हवीत असा आग्रह धरला. ही सारी पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केली आहेत. ज्यांना रमाबाई मिशनऱ्यांच्या हातचे बाहुले वाटतात, त्यांनी ती एकवार वाचावीत.

आज्ञापालनाचा हा वाद केवळ धर्मशास्त्राचा नव्हता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. छळ सोसणारी बाई भटजीकडे जावो वा पाळकाकडे, तिला बहुधा आज्ञेचाच पाठ मिळतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पतीपत्नींविषयी जो भाग आहे, त्यातील पत्नीच्या अधीनतेचे वचन लग्नाच्या उपासनेत वाचले जाते आणि पुढे घरात तेच तिच्या तोंडावर मारले जाते. लगेच पुढे पतीने पत्नीवर स्वतःच्या देहाप्रमाणे प्रेम करावे असे सांगितले आहे, ते सोयीस्करपणे विसरले जाते. रमाबाईंनी बिशपांच्या आज्ञेपुढे मान तुकविली नाही, म्हणूनच पुढे त्यांच्या दारी आलेल्या बायकांस त्यांनी आज्ञाधारकपणाचा जुना उपदेश करून परत धाडले नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि सुमारे तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. तेथे त्यांना फ्रान्सिस विलर्ड यांची मद्यपानविरोधी ख्रिस्ती महिला संघटना भेटली. चर्चमधील सामान्य गृहिणींनी उभी केलेली ही प्रचंड चळवळ होती. दारू पिऊन घरी येणारा नवरा, मोडलेली चूल, मारहाण, उपाशी मुले हे तिचे रोजचे विषय. नवऱ्याने मारू नये असे व्यासपीठावरून म्हणणे तेव्हा अवघड होते. दारू बंद करा असे म्हणणे सोपे होते. त्या आडवाटेने बायकांनी घरातील मारहाण चव्हाट्यावर आणली. रमाबाई त्यांच्या हिंदुस्थानातील प्रचारक झाल्या. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या १८८९ च्या मराठी पुस्तकात या संघटनेची ओळख त्यांनी आपल्या वाचकांस करून दिली.

याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजी यांच्या घरी नांदावयास नकार दिला. दादाजींनी १८८४ साली दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. नांदण्याची सक्ती करणारा हा दावा मूळ हिंदू धर्मशास्त्रातील नसून इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला आहे, तो या भूमीत रुजवू नये, असा त्यांचा रोख होता. अपिलात हा निकाल उलटला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंस नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई डॉक्टर होण्यासाठी विलायतेस गेल्या.

हा दावा कोठून आला, याचा मागोवा मोठा उद्बोधक आहे. इंग्लंडात शतकानुशतके विवाहाचे खटले चर्चच्या न्यायालयांत चालत. पळून गेलेल्या जोडीदारास परत येण्याचा हुकूम होई. तो न मानणाऱ्यास धर्मबहिष्कृत करीत. पुढे बहिष्काराच्या जागी तुरुंग आला. १८५७ साली हे खटले चर्चकडून दिवाणी न्यायालयाकडे गेले, पण सक्तीचा दावा तसाच राहिला. खुद्द इंग्लंडात तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्ये काढून टाकण्यात आली; हिंदुस्थानात दिवाणी प्रक्रिया संहितेने ती चालू ठेवली. नवऱ्याकडे परत पाठविण्याची ही रीत चर्चने घडविली, तिच्या मायदेशात ती सैल झाली आणि येथे सनातनी हिंदूंनी ती धर्मरक्षणाचे शस्त्र म्हणून उचलली. रमाबाईंनी पुस्तकात यावर सरकारला कठोर बोल लावले. पुरुषांची नाराजी ओढवू नये म्हणून इंग्रज सरकार स्त्रियांचा बळी देते, असा त्यांचा आरोप होता. बील बाईंना लिहिलेल्या पत्रातही त्यांनी हा संताप लपविला नाही. तुरुंगाची तरतूद येथे रद्द झाली ती १९२३ साली, रमाबाईंच्या निधनानंतर वर्षभराने. नांदण्यास येण्याचा दावा लावता येण्याची सोय मात्र हिंदू विवाह कायद्यात आणि ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्यातही कायम राहिली. इंग्लंडने ती १९७० च्या कायद्याने मोडीत काढली.

ख्रिस्ती बायकांची स्थिती याहून बरी होती काय? १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यान्वये ख्रिस्ती पुरुषास बायकोचा व्यभिचार दाखविला की घटस्फोट मिळे. बाईस मात्र नवऱ्याचा व्यभिचार पुरेसा नव्हता. त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा परित्याग सिद्ध करावा लागे. नुसता क्रूरपणा, मग तो कितीही असो, घटस्फोटास कारण नव्हता. त्याखातर फार तर न्यायालयीन विभक्तता मिळे, म्हणजे वेगळे राहावयाचे पण लग्न तसेच. जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिलाच तर त्यास उच्च न्यायालयाची मंजुरी लागे. रमाबाईंच्या आश्रमातून बाप्तिस्मा घेऊन एखाद्या मुलीने चर्चमध्ये लग्न केले आणि तो नवरा मारकुटा निघाला, तर कायद्याने तिचे दार असे बंद होते. रमाबाईंच्या हयातीत ते उघडले नाही. त्यानंतरही जवळजवळ ऐंशी वर्षे नाही. १९८३ साली विधी आयोगाने आपल्या नव्वदाव्या अहवालात बदल सुचविला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने क्रूरपणा हे स्वतंत्र कारण मानले पाहिजे असा निवाडा दिला. संसदेने कायदा बदलला तो २००१ मध्ये. एकशे बत्तीस वर्षे! ब्रिटिश सरकार, स्वतंत्र भारताचे सरकार आणि चर्च या तिघांनाही या विलंबाचा वाटा घ्यावा लागेल. हिंदू घरातील जुलमाविषयी मिशनरी भरभरून लिहीत. स्वतःच्या मंडळीतील घरांचा विषय निघाला की लेखणी आखडे.

अलीकडच्या काळात चर्चची भाषा बदलली आहे हे खरे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत, जोडीदाराकडून देहाला वा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे होण्यास रास्त कारण आहे, असे कलम आहे. भारतातील कॅथलिक बिशपांनी २०१० मध्ये स्त्री-पुरुष समानतेचे धोरण जाहीर केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबविषयक पत्रात, दुबळ्या जोडीदाराला व मुलांना वाचविण्यासाठी विभक्त होणे काही वेळा नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असे मांडले. जागतिक चर्च परिषदेने १९८८ ते १९९८ हे दशक स्त्रियांशी एकजुटीचे म्हणून पाळले. परंतु हे कागद गावच्या मंडळीपर्यंत पोचतात किती? पैठण रस्त्यावरील चितेगावसारख्या गावी, कारखान्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या वस्तीत, रात्री मार खाल्लेली बाई सकाळी कोणाकडे जाईल, याचा विचार केला की प्रश्न कळतो. ती हिंदू असो, मुसलमान असो, बौद्ध असो की ख्रिस्ती, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे संरक्षण व त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो. संरक्षण अधिकाऱ्याने तिला मदत करावयाची असते. पण त्याआधी बहुधा ती माहेरी, शेजारणीकडे किंवा आपल्या पाळकाकडे जाते. तेथे पहिला सल्ला समेटाचा मिळतो. समेट करणे वाईट नव्हे. मार थांबण्यापूर्वी समेट करणे वाईट.

आता रमाबाईंकडे परत येऊ. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. हीच पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असा करार अमेरिकेतील सहायक मंडळीशी होता, आणि या कारणाने मिशनरीही रमाबाईंवर नाराज होते. मुली मात्र त्यांच्या खोलीतील प्रार्थनेला येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठले, ‘केसरी’ने कोरडे ओढले, रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंचे म्हणणे आज शांतपणे वाचता येते. रमाबाईंनी प्रार्थनेचे दार उघडे ठेवण्यात पालकांचा विश्वास पुरता सांभाळला नाही, ही टीका अगदीच निराधार नव्हती. पण काढून नेलेल्या विधवा मुली कोठे गेल्या, ही चौकशी करण्याची तसदी टीकाकारांनी घेतलेली दिसत नाही.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. लहानपणी दुष्काळाने आपले घर मोडले होते, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. सरकारी मदतछावण्यांत मुली कशा नाडल्या जातात आणि त्यांना पळविणारे कसे टपून बसतात, हे त्यांनी पाहिले. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगच्या नियमांमुळे इतक्या जणींस ठेवणे अशक्य होते. दौंड तालुक्यात केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. तेथे तंबू ठोकले, झोपड्या उभारल्या. हेच मुक्ती सदन. प्लेगच्या रुग्णालयात व विलगीकरण छावणीत स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, असे रमाबाईंनी त्याच वर्षी वृत्तपत्रातून जाहीरपणे लिहिले. तो विषय विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. ख्रिस्ती झाल्या म्हणून सरकारची भीड त्यांनी धरली नाही.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विधवा, टाकलेल्या बायका, अनाथ मुली, आंधळ्या, वृद्धा, साऱ्या तेथे होत्या. अत्याचाराने किंवा फसवणुकीने बदनाम झालेल्यांसाठी कृपा सदन नावाचा वेगळा विभाग होता. मुक्तीचे काम कसे चाले हे पाहण्याजोगे आहे. आलेल्या बाईस आधी अन्न, औषध आणि कपडे. मग अक्षरओळख. मग हाताला काम: माग, शिवण, दुभती जनावरे, तेलघाणा, शेती, सुतारकाम, छापखाना. आंधळ्या मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आणली. छापखान्यात खिळे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सारे बायकाच करीत. आपली भाकर आपण मिळविता येणाऱ्या बाईला मारकुट्या घरी परत जाण्याची सक्ती उरत नाही, हा यातला हिशेब होता. निवारा म्हणजे चार भिंती आणि दोन वेळचे जेवण, एवढीच समजूत असलेल्या आजच्या कित्येक संस्थांनी हा हिशेब पुन्हा मांडून पाहावा.

उणिवा होत्या. मुक्तीची शिस्त कडक होती. १९०५ च्या सुमारास तेथे धार्मिक पुनरुज्जीवनाची जी लाट आली, तिने काही काळ सारे वातावरण व्यापले. आश्रयाला आलेल्या बाईने धर्म बदलावा की न बदलावा याचा मोकळा निर्णय अशा वातावरणात कितपत करता येत असेल, ही शंका रास्त आहे. बाहेर पडण्यासाठी बाईकडे दुसरे घर असते, तर ही शंका इतकी बोचली नसती.

रमाबाईंनी शेवटपर्यंत स्वतःला कोणत्याही एका पंथाच्या अधिकाराखाली घातले नाही. उत्तरायुष्यात त्या बायबलच्या मराठी भाषांतरात बुडून गेल्या. त्यासाठी हिब्रू व ग्रीक शिकल्या. खेड्यातील अल्पशिक्षित बाईस कळेल अशी साधी मराठी त्यांना हवी होती. पंडितांच्या या मुलीने संस्कृतप्रचुर शब्द हेतुपुरस्सर गाळले. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. कामाचा भार उचलणारी मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईआधीच गेली. खचलेल्या रमाबाईंनी भाषांतराची शेवटची पाने तपासली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी देह ठेवला.

मुक्ती मिशन आजही केडगावला आहे. भारत सरकारने १९८९ मध्ये रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. ज्या चर्चच्या बिशपांनी त्यांना पुरुषांस शिकविण्याची मनाई केली होती, त्या इंग्लंडच्या चर्चने आपल्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस ठेवला आहे. तेथे त्यांच्या नावापुढे पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार असा उल्लेख आहे.